नटसम्राट बालगंधर्व

२०२० सालच्या मार्च महिन्यात साथीच्या रोगामुळे नाट्यगृहांची दारे बंद झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात ती निम्म्या आसनांपुरती उघडली, पुढल्या वसंतात साथीची दुसरी लाट आली तशी पुन्हा मिटली, आणि २०२१ च्या २२ ऑक्टोबरला परत उघडली. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील मंडळींना चांगले संगीत नाटक पाहावयाचे म्हणजे बहुधा नागपूरचीच वाट धरावी लागते. त्यामुळे नागपूरची नाट्यगृहे मिटली की आमचाही पडदा पडला म्हणावयाचा. त्या काळात आमच्या ओळखीच्या काही वृद्ध गृहस्थांना स्वतःच्या प्रकृतीइतकीच चिंता लागून राहिली होती ती 'सौभद्र' पुन्हा केव्हा लागेल याची. तरुण मंडळींना याचे हसू येई. ज्या नाटकातील प्रत्येक प्रवेश पाठ, अर्जुनाचे सुभद्रेशी लग्न लागणार हे ज्यात पहिल्यापासून ठाऊक, त्या नाटकाची इतकी वाट कशाला पाहावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधू गेलो तेव्हा आम्हांस एका माणसाचे चरित्र वाचावे लागले. त्या माणसाची वाट महाराष्ट्राने जवळजवळ अर्धशतक पाहिली, आणि त्या माणसानेही, आपली कोणी वाट पाहत आहे एवढ्यासाठी, आयुष्यात पुष्कळ सोसले. तो पुरुष म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्यांचे नाव आमच्या विद्यार्थी वाचकांनी ऐकलेले असेल. २०११ साली त्यांच्या जीवनावर निघालेला चित्रपटही काहींनी पाहिला असेल. परंतु ज्या रंगभूमीवर ते उभे राहिले ती आधी कोणी उभारली होती, आणि ते येण्यापूर्वी ती कोणासाठी खोळंबली होती, हे ठाऊक असल्यावाचून त्यांची थोरवी ध्यानात यावयाची नाही. म्हणून थोडे मागे जाऊ.

१८८० सालच्या ३१ ऑक्टोबरला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्या रात्री नाटकाचे पहिले चारच अंक झाले. शकुंतला सासरी निघाली आणि पडदा पडला. पुढे दुष्यंताने तिला ओळखले की नाही हे रंगमंचावर पाहण्यासाठी पुणेकरांना थांबावे लागले. मराठी संगीत नाटकाच्या रसिकाला वाट पाहण्याची सवय लागली ती अशी अगदी पहिल्या रात्रीपासून! पुढे १८८२ च्या नोव्हेंबरात 'सौभद्र' आले. त्याच वर्षी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. त्याचा आवाज असा की रसिक त्याला प्रेमाने भावड्या म्हणू लागले, आणि शकुंतला व सुभद्रा या जणू त्याच्याच मालकीच्या भूमिका झाल्या. १८८५ साली अण्णासाहेब अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी वारले तरी मंडळी तगली ती पुष्कळ अंशी भाऊरावांच्या गळ्यावर.

येथे आमच्या मुलुखातील वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. अण्णासाहेबांचा जन्म गुर्लहोसूरचा, म्हणजे कानडी मुलुखातला. त्यांचे आरंभीचे शिक्षणही कानडीतच झाले. भाऊराव गुजराथेतील बडोद्याचे. आमचे हे दोन तालुके पूर्वी ज्या मध्यप्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले व आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, आणि २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. आपण मराठीच्या काठावर आहो असे आमच्याकडील पुष्कळांस वाटते. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मराठी रंगभूमीचे दोन मोठे खांब काठावरच्याच मातीत उगवले होते.

असो. १९०१ सालच्या फेब्रुवारीत भाऊराव कोल्हटकर अडतिसावे वर्ष पुरे होण्याआधीच निवर्तले. अखेरच्या काळात त्यांनी स्त्रीभूमिका सोडून पुरुषभूमिका पत्करल्या होत्या, तरी लोकांच्या मनातली शकुंतला तेच होते. किर्लोस्कर मंडळीचे काम थांबले नाही. नाटके लागत, लोक जात, परंतु प्रत्येक नव्या मुलाची तुलना भावड्याशी होई आणि लोक मान हलवीत घरी परतत. नाट्यगृहाचे दार उघडे असूनही नाटक बंद असावे, अशी ती चार वर्षे होती. शाकुंतल खऱ्या अर्थाने पुन्हा केव्हा सुरू होणार, याची जो तो वाट पाहत होता.

ज्याची वाट पाहिली जात होती तो मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराणे सांगली भागातील नागठाण्याचे. शाळेत त्यांचे चित्त फारसे रमले नाही. काही वर्षे जळगावास नातलगांकडे असताना महेबूबखाँ या गवयाकडे त्यांना गाण्याची तालीम मिळाली. १८९८ च्या सुमारास पुण्यात लोकमान्य टिळकांनी या दहा वर्षांच्या मुलाचे गाणे ऐकले व त्याला बालगंधर्व म्हटले, असे सांगतात. नाव असे चिकटले की पुढे सत्तरी ओलांडल्यावरही ते बालच राहिले.

या मुलाच्या वाटेत एक धोंड होती, आणि तीही गाणाऱ्याच्या वाटेत येऊ नये अशी. त्यास ऐकू कमी येत असे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती गुणांचे मोठे पारखी. त्यांनी या मुलाच्या कानांवरील उपचारांची व्यवस्था मिरजेच्या मिशन रुग्णालयात करविली. कानाला गुण आला, आणि त्याच मिरजेत मुलगा किर्लोस्कर मंडळीच्या दृष्टीस पडला. घरच्यांचे मन वळवावे लागले, कारण त्या काळी ब्राह्मण कुटुंबातील मुलाने नाटकात जाणे म्हणजे कुळाला बट्टा समजत. अखेर १९०५ साली तो मंडळीत दाखल झाला, आणि त्याच वर्षी मिरजेस शकुंतलेच्या वेषात प्रथम उभा राहिला. भाऊरावांचा आवाज पल्लेदार व तडफेचा असे. या नव्या मुलाच्या गळ्यात तशी झेप नव्हती, पण गोडवा आणि लाघव असे होते की तुलना करावयास आलेले लोक तुलना करावयाचे विसरले. शाकुंतल पुन्हा सुरू झाले!

आजच्या मुलामुलींना हे चमत्कारिक वाटेल की एका तरुणाने शकुंतला व्हावे आणि हजारो लोकांनी ते खरे मानावे. कुलीन स्त्रियांनी रंगमंचावर येऊ नये असा त्या काळचा दंडक होता. तो दंडक योग्य होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने कितीएक गुणी स्त्रियांचे कंठ घरातच कोंडून ठेवले. परंतु त्या दंडकामुळे जी एक अवघड कला जन्मास आली तिचे शिखर म्हणजे बालगंधर्व. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे तालीम देण्यात अत्यंत कडक. चालणे, बसणे, पदर सावरणे, बोलता बोलता मध्येच थांबणे हे सारे त्यांनी नारायणरावांकडून घटवून घेतले. गाण्यात पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू लाभला. देवांनी दिलेला गळा पुष्कळांपाशी असतो, परंतु देवलांची तालीम सोसण्याइतका धीर थोड्यांपाशीच असतो, असे आम्हांस वाटते.

आता त्या रात्रीची हकीकत सांगावयाची, जिच्यावाचून बालगंधर्वांचे कोणतेही चरित्र पुरे होत नाही. १९११ सालच्या १२ मार्चला मुंबईच्या रिपन थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. नव्या नाटकाची वार्ता सर्वत्र पसरली होती, तिकिटे विकली गेली होती, लांबलांबहून रसिक मुंबईत येऊन उतरले होते. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीतील जाणत्यांचे मत पडले. यात कोणास वावगे वाटले नसते. नारायणरावांनी ते ऐकले नाही. सायंकाळी ते रंगपटात आले, तोंडाला रंग लावला, आणि भामिनी होऊन रंगमंचावर गेले. नाटकातील भामिनी ही श्रीमंतीच्या ऐटीत वावरणारी, हसरी, मानी मुलगी. त्या रात्री प्रेक्षकांपैकी ज्यांना बातमी ठाऊक होती त्यांनाही रंगमंचावर तिचा मागमूस दिसला नाही, असे सांगतात. नाटक अपूर्व रंगले.

या प्रसंगाचे कौतुक सर्वत्र होते, शाळाशाळांतून तो कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. आम्हांस मात्र त्याचे निर्भेळ कौतुक करवत नाही. मूल गमावलेल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या मनात त्या रात्री काय चालले असेल याचा उल्लेख कोठेच फारसा आढळत नाही. शिवाय थांबलेल्या प्रेक्षकांनी एक रात्र अधिक वाट पाहिली असती तर त्यांचे काय बिघडणार होते, हाही प्रश्न मनात येतोच. परंतु नारायणरावांचा हिशेब निराळा होता. आपल्यासाठी जमलेला माणूस रिकाम्या हाताने परत जाऊ नये, हा त्यांचा एकच नेम. प्रेक्षकांना ते जन्मभर मायबाप समजत आले व तसेच संबोधीत आले. तो शब्द त्यांच्या तोंडी शोभेचा नव्हता. त्याची किंमत त्यांनी त्या रात्री मोजली होती, आणि पुढेही मोजावयाची होती.

त्याच वर्षी किर्लोस्कर मंडळीचे आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर निवर्तले, आणि मंडळीत बेबनाव सुरू झाला. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघे भागीदार निघून गेले व सारा भार एकट्या बालगंधर्वांवर आला. पण मधली वर्षे ही मराठी संगीत नाटकाची भर दुपार म्हटली पाहिजे. १९१६ सालच्या ऑक्टोबरात देवलांचे 'संशयकल्लोळ' संगीत होऊन आले. दुर्दैवाने देवल ते पाहावयास राहिले नव्हते, चारच महिन्यांपूर्वी त्यांचे निधन झाले होते. त्याच वर्षी १० डिसेंबरला खाडिलकरांचे 'स्वयंवर' आले. भास्करबुवांच्या चाली आणि बालगंधर्वांची रुक्मिणी! या नाटकाने महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावले. ज्या रागदारीसाठी पूर्वी संस्थानिकाच्या दरबारात पाऊल ठेवावे लागे, ती चार-आठ आण्यांच्या तिकिटात गिरणी कामगाराच्या व खेड्यातील शेतकऱ्याच्याही कानी पडू लागली.

त्या काळी नाटक पाहणे म्हणजे काय असे, याची आज कल्पना येणे कठीण. रात्री नाटक सुरू व्हावयाचे आणि पहाट होईतो चालावयाचे. एकेका पदाला वन्समोअर पडत, आणि दुसऱ्यांदा गाताना बालगंधर्व तेच पद निराळ्या वळणाने गात. त्यामुळे ज्याने नाटक वीस वेळा पाहिले त्यालाही एकविसाव्या वेळी काय ऐकावयास मिळेल हे सांगता येत नसे. ज्यांना ठाऊक असलेल्या नाटकाची वाट पाहणे हास्यास्पद वाटते त्यांना आमचे हेच उत्तर आहे. गोष्ट ठाऊक असते, पण त्या रात्रीचे गाणे ठाऊक नसते. कंपनीचे दौरे पुण्या-मुंबईपासून बडोदा, इंदूर, वऱ्हाड-नागपूरपर्यंत होत. कंपनी अमुक गावी येणार असे कळले की आसपासची मंडळी बैलगाड्या जुंपीत, आगगाडीने येत, धर्मशाळेत मुक्काम टाकीत. रंगमंचावर खरे भरजरी शालू, उंची गालिचे, पहिल्या रांगांपर्यंत दरवळणारी अत्तरे. रुक्मिणीने जसे लुगडे नेसले तसे घराघरांतील लेकीसुना नेसू लागल्या; केसांत फूल कोठे माळावे हेही त्यांनी या पुरुषाकडून उचलले.

रेशमात वावरणारे असे बालगंधर्व १९१९ साली रसिकांना एका निराळ्याच रूपात दिसले. राम गणेश गडकरी यांनी दारूच्या व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या संसारावर 'एकच प्याला' लिहिले. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि महिना उलटण्याच्या आत, २० फेब्रुवारीस, त्याचा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. त्यात सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर दळावयास बसले. झगमगाट पाहावयास आलेले लोक स्तब्ध झाले. नटाची पुण्याई शालूत नाही हे त्या ठिगळांनी दाखवून दिले. दारूने घर बुडालेल्या कितीएक स्त्रियांनी सिंधूत आपले दुःख पाहिले. आम्हांस स्वतःला त्यांच्या साऱ्या भूमिकांत सिंधूच श्रेष्ठ वाटते, जरी बहुमत रुक्मिणीच्या बाजूस पडेल.

आता १९२१ सालाकडे येऊ. बालगंधर्वांच्या तोडीचा दुसरा गायक नट म्हणजे ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येत. चहाच्या दुकानांतून दोन पक्ष पडत. लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंड उभारला जात होता, त्यासाठी या दोघांनी एकाच रंगमंचावर 'मानापमान' करावे असे ठरले. बातमी फुटली मात्र, आणि मुंबईत दुसरा विषय उरला नाही. ८ जुलै १९२१ या दिवशी केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी झाले. आज कोण कोणाला जिंकतो हे पाहावयास आलेल्या लोकांना जेत्याचे नाव ठरविता आले नाही. असे संयुक्त प्रयोग आणखी होत राहतील अशी आशा रसिकांनी मनात धरली. परंतु त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव विषमज्वराने गेले, आणि ती जोडी पुन्हा दिसावयाची नाही हे सर्वांना उमगले.

बालगंधर्वांना व्यवहार कधी जमला नाही. नाटकात जे दिसावयाचे ते खरे व उत्तमच असले पाहिजे या हट्टापायी त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला, आणि मंडळीवर लाखाहून अधिक कर्ज झाले. तो काळ असा की लाख रुपयांत गाव विकत घ्यावे. चाहत्यांनी वर्गणी जमवून कर्ज फेडण्याची सिद्धता दाखविली तेव्हा त्यांनी ती नम्रपणे नाकारली, व कर्ज आपल्या गाण्यानेच फेडीन असा निश्चय केला. वर्षानुवर्षे प्रयोगांमागून प्रयोग करून त्यांनी सावकारांचा पैसा चुकविला. उधळेपणाचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र उधळून झाल्यावर हात झटकणारे पुष्कळ असतात, त्यांत हे नव्हते.

एवढ्यात काळच पालटला. १९३१ साली बोलपट आला. त्याच वर्षी 'कान्होपात्रा' नाटकाने गंधर्व मंडळीस यश दिले खरे, पण एकामागून एक नाटक कंपन्या मोडू लागल्या आणि नाट्यगृहांच्या भिंतींवर पांढरे पडदे चढले. १९३४ च्या सुमारास बालगंधर्वांनीही मंडळीचे काम थांबविले आणि प्रभात फिल्म कंपनीशी भागीदारी केली. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ साली 'धर्मात्मा' निघाला. त्यात ते संत एकनाथ झाले, म्हणजे पुरुषवेषात दिसले. चित्रपटाचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते. सरकारी परिनिरीक्षकांना त्यात गांधीजींचा वास आला म्हणून ते बदलावे लागले.

नाटकवेड्यांच्या दृष्टीने तो काळ मोठा कठीण गेला असला पाहिजे. मंडळीचा रंगपट बांधून ठेवलेला. 'स्वयंवर' नाही, 'मानापमान' नाही, 'एकच प्याला' नाही. मंडळी पुन्हा उघडणार काय, की सौभद्र-शाकुंतलाची ही परंपरा येथेच संपली, हे कोणासच सांगता येईना. भाऊरावांच्या पश्चात जी अवस्था झाली होती तीच तीस वर्षांनी पुन्हा आली होती. फरक इतकाच की या वेळी ज्याची वाट पाहावयाची तो माणूस हयात होता. तिकडे त्या माणसाचीही स्थिती वेगळी नव्हती. चित्रपटगृहाच्या अंधारात लोक असतात, परंतु चित्रण चालू असता समोर असते ते यंत्र. ते यंत्र मान डोलवीत नाही, वन्समोअर देत नाही, रडत नाही. तीस वर्षे माणसांच्या तोंडाकडे पाहून गाणाऱ्या नटाला ते कसे मानवावे? अनेक चित्रपटांचा बेत होता, पण एकावरच भागीदारी संपली. बालगंधर्व रंगभूमीवर परतले.

ते परतले तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्याशी आले होते. मध्यंतरी रंगभूमीही होती तशी राहिली नव्हती. १९३३ सालच्या १ जुलैला नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हिराबाई बडोदेकरांनी त्याआधीच आपली नाटक मंडळी काढली होती. सुशिक्षित तरुणांना पुरुषाने शकुंतला होणे आता खटकू लागले होते. तरीही बालगंधर्वांच्या नावाची पाटी लागली की जुने रसिक धावत येत. रंगमंचावरील प्रौढ, किंचित स्थूल देहात त्यांना १९०५ ची शकुंतला दिसे. डोळे मिटले म्हणजे काहीच बदलले नव्हते, असे त्या पिढीतील लोक सांगत. हे प्रेम खरे होते यात संशय नाही. परंतु याच प्रेमाने त्यांना वेळेवर निवृत्त होऊ दिले नाही, असेही आमचे मत आहे. प्रेक्षकाने वाट पाहणे थांबविले असते तर कदाचित त्यांची उतरती वर्षे अधिक सुखाची गेली असती. १९३८ साली गोहर कर्नाटकी ही गोड गळ्याची कन्नड गायिका मंडळीत आली व तिने पुढे नायिकेची कामे केली; लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी बालगंधर्वांनी तिच्याशी विवाह केला. त्यावरून लोकांनी, आप्तांनी व एकेकाळच्या भक्तांनीही त्यांना पुष्कळ बोल लावले. त्यांनी ते ऐकून घेतले.

अखेरीस पाय निकामी झाले, कंपनी सरली, पैसा तर कधीच टिकला नव्हता. बसल्या जागी भजने गावयाची, एवढेच उरले. मानसन्मान उशिरा आले, पण आले: १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६४ साली पद्मभूषण. आमच्याकडील जुन्या घरांतून त्यांची ओळख उरली ती तबकड्यांमुळे आणि नागपूर आकाशवाणीमुळे. हे केंद्र १९४८ साली सुरू झाले. पांढुर्ण्याच्या बाजारपेठेत किंवा सौंसरच्या संत्र्यांच्या बागांमध्ये राहणाऱ्या, नाटक कंपनीचा तंबू कधीही न पाहिलेल्या मुलांनी रेडिओच्या खरखरीतून नाट्यसंगीत ऐकले ते असे. त्या मुलांचे आज आजोबा झाले आहेत. लेखाच्या आरंभी ज्यांचा उल्लेख केला ते वृद्ध गृहस्थ त्यांपैकीच.

पुण्यास मुठा नदीच्या काठी एक भव्य नाट्यगृह बांधावे आणि त्यास बालगंधर्वांचे नाव द्यावे असे ठरले. १९६२ सालच्या ८ ऑक्टोबरला त्याची कोनशिला खुद्द त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. बांधकाम सुरू झाले, भिंती वर आल्या. ज्याच्या नावाने ते उभे राहत होते त्याच्यापाशी मात्र तेवढी वर्षे शिल्लक नव्हती. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यातच त्यांनी देह ठेवला. पुढल्या वर्षी २६ जूनला, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, बालगंधर्व रंगमंदिराचा पडदा प्रथम वर गेला.

२०२१ च्या ऑक्टोबरात जी नाट्यगृहे पुन्हा उघडली त्यांत हेही होते. आमच्या ओळखीच्या त्या गृहस्थांपैकी एकाने 'सौभद्र'चा प्रयोग जवळपास कोठे लागतो काय याची चौकशी त्याच आठवड्यात सुरू केली. पुण्याचा प्रवास त्यांच्या प्रकृतीला झेपणारा नव्हता, म्हणून नागपूरची जाहिरात निघेपर्यंत थांबावयाचे ठरले. तोवर, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते रोज सकाळी वर्तमानपत्राचे शेवटचे पान आधी उघडीत असत.